काट मारलेल्या अकरा नोंदी

त्या अहवालातून मी अकरा नोंदी काढल्या. अहवाल चौदा पानांचा होता, माझ्या हातून गेल्यावर सहा पानांचा झाला. लाल पेनाने हे करायला एका तासाहून कमी वेळ लागला. तेव्हा ते चांगलं काम वाटलं होतं.

उज्जैनच्या एका हिंदी दैनिकात मी डेस्कवर नोकरी केली. घरात मराठी, कामावर हिंदी, आणि काम एकच: बातमीदाराने आणलेला मजकूर कापून जागेत बसवणं. पुढे शहराची पानं इंदूरच्या कार्यालयातच तयार होऊ लागली, इथला डेस्क बंद झाला आणि मी माधव नगरच्या घरी बसलो. काही महिन्यांनी देवास रोडवरच्या एका खासगी कॉलेजातून निरोप आला. तिथे अभियांत्रिकी तंत्रज्ञानाची पदविका होती, औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता, आणि पर्यावरणाचा पेपर सगळ्यांना सक्तीचा होता. विद्यार्थ्यांना अहवाल लिहिता येत नाहीत, अशी तक्रार होती. मला ‘तांत्रिक लेखन’ हा विषय देण्यात आला, आठवड्याला दोन तास.

विभागप्रमुख बंद पडलेल्या कापडगिरणीतले बॉयलरचे इंजिनिअर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी कामाची वाटणी करून टाकली.

“आप भाषा देखिए, सुरक्षा हम देख लेंगे.”

वाटणी मला पटली. सुरक्षेच्या विषयाचं एक जाड पाठ्यपुस्तक शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात होतं. त्या वर्षात मी ते एकदाही उघडलं नाही. तो माझा विषय नव्हता.

पहिल्या तासाला फळ्यावर डेस्कवरचे प्रश्न लिहिले. काय झालं, कुठे, कधी, कोणाला, कसं. वर्गात वीस-बावीस जण होते. निम्मे पदविकेची मुलं, निम्मे नोकरी करणारे: पंपाच्या वर्कशॉपमधले, शीतगृहातले, पोहा मिलमधले. मी सांगितलं की अहवाल म्हणजे बातमीच. जे घडलं ते लिहायचं. जे घडलं नाही त्याला जागा नाही.

पंपाच्या वर्कशॉपमधल्या एकाने हात वर केला. “सर, और अगर होते-होते रह गया तो?”

“तो रह गया. आगे बढ़ो.”

वर्ग हसला. त्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्याने पहिल्याच तासाला विचारला होता. ते मला दीड वर्षाने कळलं.

जिच्या अहवालाबद्दल हे लिहितो आहे ती तिसऱ्या बाकावर बसायची. वय तिशीच्या थोडं पुढे. वडील रेल्वेत होते, बदलीने विदर्भातून इकडे आले आणि इथेच राहिले. ती एका पोहा मिलमध्ये काट्यावर होती, म्हणजे येणाऱ्या धानाचं वजन करून पावती देत होती. मिलला कागदावर सुरक्षेचा एक माणूस हवा होता. सेठजींनी तिला या अभ्यासक्रमाला पाठवलं. वर्गात ती माझ्याशी हिंदीत बोलायची आणि व्हरांड्यात मराठीत. तिच्या मराठीत ‘नं’ आणि ‘क्या मालूम’ दोन्ही असायचे, माझ्याही असतात.

तिचा स्वभाव मला पहिल्यांदा राम घाटावर दिसला. पर्यावरणाच्या प्रात्यक्षिकासाठी वर्गाला क्षिप्रेच्या पाण्याचे नमुने घ्यायचे होते. त्या विषयाच्या शिक्षिका रजेवर होत्या म्हणून मला बरोबर पाठवलं. प्रत्येकाकडे एक बाटली आणि वर्गात मिळून पाणी तपासायचा एक मीटर. मी घाटाच्या पायऱ्या उतरेपर्यंत बहुतेकांच्या वह्यांत आकडे भरलेले होते. मागच्या वर्षीच्या फायलींतून ते उतरवून आणले होते. उरलं होतं फक्त बाटली भरणं आणि फोटो काढणं. छत्रीखाली बसलेले एक पंडाजी हे सगळं पाहत होते.

“क्या ढूँढ रहे हो भिया पानी में? हमसे पूछ लो, चालीस साल से यहीं बैठे हैं.”

“रीडिंग ले रहे हैं, पंडितजी.”

“रीडिंग तो तुम घर से लाए हो. मैंने देखा.”

मुलं हसली, पंडाजीही हसले. ती मात्र पाण्याशी वाकून मीटरचा आकडा थांबायची वाट पाहत होती. आकडा थांबेना. तिने तीन वेळा पाणी घेतलं आणि तिन्ही वेळचे वेगवेगळे आकडे लिहिले. बसमध्ये मी तिला म्हणालो की तीन आकड्यांतून वाचकाला काही कळत नाही, एक द्यायचा. ती म्हणाली, “पण तिन्ही आले नं, सर.” मी ते तिचं भाबडेपण समजलो.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाला आपल्या कामाच्या जागेचा सुरक्षा अहवाल द्यायचा होता. रिवाज असा होता की कच्चा मसुदा हाताने लिहून माझ्याकडे आणायचा, मी तो तपासायचा, मग फ्रीगंजमधल्या टायपिंगच्या दुकानातून पक्की प्रत करून आणायची. पक्की प्रत माझ्या दुरुस्त्यांशी ताडून पाहायची म्हणून कच्चा मसुदा माझ्याकडे परत यायचा. त्यानंतर विभागप्रमुखांची सही.

तिचा मसुदा चौदा पानांचा होता. पहिल्या सहा पानांत मिलची माहिती होती: धान कुठे भिजतं, भट्टीत कसं भाजतं, रोलरखाली कसं चपटं होतं, आग विझवायची साधनं कुठे टांगली आहेत. उरलेल्या आठ पानांत अकरा नोंदी होत्या. प्रत्येकीला तारीख आणि वेळ. भट्टीजवळ पाय घसरला पण तोल सावरला. पोत्यांची थप्पी कलली, खाली कोणी नव्हतं. आणि पाच नोंदी एकाच माणसाच्या. रोलरवर काम करणारा एक जुना कामगार, त्याच्या गळ्यात गमछा. रोलरच्या बाजूला पट्टा फिरतो, त्यावर लोखंडी जाळी हवी. जाळीत भुसा साचतो, तो काढायला चार बोल्ट खोलावे लागतात. म्हणून जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. गमछ्याचं टोक पट्ट्यात ओढलं जातं, तो झटका देऊन सोडवतो आणि पुढे काम करतो.

शिक्षकांच्या खोलीत ती माझ्या टेबलासमोर उभी होती. खोलीत आणखी तिघे-चौघे होते.

“यात काय घडलं?” मी विचारलं.

“गमछा ओढला गेला. त्यांनी सोडवला.”

“लागलं कोणाला?”

“नाही.”

“मशीन बंद पडली?”

“नाही, सर.”

“मग मथळा काय द्याल?”

ती हसली. “मथळा नाही देता येणार.”

मी काट मारत गेलो. दहाव्या-अकराव्या नोंदीला ती म्हणाली, “सर, हे गमछ्याचं एक राहू द्या नं. पाच वेळा झालंय ते.”

“पाच वेळा काहीही झालं नाही, असं लिहिणार का?”

खोलीतले सगळे हसले. ती पण हसली, जरा उशिरा. मग तिने पानं गोळा केली.

या वाक्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. तिचं म्हणणं चूक आहे असं मी दाखवून दिलं नव्हतं. मी फक्त लोकांना हसवलं होतं. डेस्कवर नव्या बातमीदारांना असंच गप्प केलं जायचं, मलाही केलं होतं, आणि ती शिकवण्याची पद्धत आहे असं मी धरून चाललो होतो.

विभागप्रमुखांनी सहा पानांवर सही केली. मसुद्यात लाल शाई भरपूर होती म्हणजे नीट वाचला गेला आहे, असं त्यांनी गृहीत धरलं. मी समजलो होतो की सुरक्षेच्या दृष्टीने काही राहिलं तर ते पाहतील. नंतर या विषयावर आम्ही एकदाच बोललो. ते म्हणाले, “मुझे लगा आपने देख लिया.” मी म्हणालो की मला वाटलं तुम्ही पाहाल. दोघांचंही खरं होतं.

तिचा अहवाल वर्गात पहिला आला. सेठजींनी तो चहा घेत वाचला आणि म्हणाले, साफ रिपोर्ट आहे. तिला काट्यावरून उठवून सुरक्षा प्रभारी केलं. मिलचे पोहे घेऊन ती माझ्या घरी आली. सोबत एक नवं रजिस्टर होतं, मला दाखवायला आणलेलं. माझ्या पाच प्रश्नांचे पाच रकाने तिने आखले होते. पहिले तीन आठवडे भरलेले होते. ‘घटना’ या रकान्यात रोज एकच शब्द: निरंक. अक्षर फार सुंदर होतं.

“बरोबर आहे नं, सर?”

“अगदी बरोबर,” मी म्हणालो.

सत्र संपल्यावर कच्च्या मसुद्यांचा गठ्ठा मी रद्दीत दिला. हीसुद्धा डेस्कची सवय. पान छापून आलं की कॉपीला, म्हणजे हाताने लिहिलेल्या मजकुराला, अर्थ राहत नाही. वीस वर्षांत कुणी कधी जुनी कॉपी परत मागितली नव्हती.

पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्यात टॉवर चौकात चहा पिताना मी बातमी वाचली. आतल्या पानावर, तीन ओळी. पोहा मिलमध्ये कामगाराचा हात पट्ट्यात आला, उजव्या हाताची तीन बोटं गेली, उपचारासाठी इंदूरला हलवलं. मिलचं नाव नव्हतं. पहिला विचार मनात आला तो असा, की नाव हवं होतं. कोणती मिल असेल हा विचार त्यानंतर आला.

ती दुपारी घरी आली. आतल्या खोलीत न येता दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

“तेच काका, सर. तोच पट्टा.”

“जाळी?”

“भिंतीला टेकवलेली.” मग म्हणाली, “गमछा ओढला गेला, या वेळी ते हाताने सोडवायला गेले.”

मिलने सरकारी कारखाना तपासणीसाकडे द्यायला एक टिपण तयार केलं होतं. त्याची प्रत तिच्याकडे होती. कामगाराने सैल कपडा घातला, ही त्याची स्वतःची लापरवाही. यापूर्वी त्या मशीनवर अशी कोणतीही घटना झालेली नाही, सोबत सुरक्षा रजिस्टर जोडलं आहे. रजिस्टर तिचंच. पानापानावर निरंक.

तिला काय हवं होतं ते तिने नीट सांगितलं. चूक एकट्या कामगाराची ठरली तर मिल त्याला कोणत्याच कामावर परत घेणार नाही. रोलरवर नाही आणि फाटकावरही नाही. जाळी नव्हती आणि पट्ट्याने आधी पाच वेळा त्याचा गमछा ओढला होता, हे कागदावर दिसलं तर दोष वाटला जाईल. तो कागद एकच होता. तिचा कच्चा मसुदा, तारखांसकट.

“तो तुमच्याकडेच आहे नं, सर? पक्की प्रत देताना मी परत दिला होता.”

मी तिला रद्दीचं सांगितलं.

मग विचारलं, “फोटो काढला नव्हता? फोनमध्ये?”

“कशाला काढला असता? तुम्ही काट मारलेली पानं होती ती.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर उत्तर देता आलं असतं. तरी मी घरातली दोन कपाटं उपसून पाहिली, ती खुर्चीवर बसून होती. दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेजात गेलो. तिथे सहा पानांची पक्की प्रत होती, माझ्या आणि विभागप्रमुखांच्या सहीसकट. ती मिलच्या बाजूचाच पुरावा होती. कपाटातलं पाठ्यपुस्तक मी त्या दिवशी उघडलं. थोडक्यात टळलेल्या अपघातांवर त्यात एक पूर्ण प्रकरण होतं. मोठा अपघात होण्याआधी तो असाच लहान लहान रूपात येऊन जातो, म्हणून प्रत्येक टळलेली गोष्ट लिहून ठेवावी, असं पहिल्या परिच्छेदातच होतं. तिने ते वाचून अहवाल लिहिला होता. मी न वाचता कापला होता.

कागद नाही, तेव्हा आठवणीतून निवेदन लिहायचं ठरवलं. त्याआधी, कामगार इंदूरहून घरी आल्यावर, त्याला भेटायला गेलो. मिलच्या मागच्या वस्तीत एक खोली होती. तो खाटेवर बसला होता, बांधलेला हात उशीवर. पन्नाशीचा, बोलका माणूस. तिला पाहून म्हणाला, “आओ मैडम. आपकी बात मानता तो आज तुमको पानी मैं पिलाता.”

“काका, ये सर हैं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “वो लिखने वाले सर?”

मी हो म्हणालो.

“मैडम ने तब मुझसे पूछ-पूछ के लिखा था. टाइम भी पूछती थी. मैं बोलता था, इसका भी टाइम लिखोगी क्या? बोली, हाँ काका, सब लिखना पड़ता है.” तो हसला. “जाली की भी बोलती थी. मैं बोला, जाली लगा दूँगा तो भूसा कौन निकालेगा, तुम्हारे सर?”

कोणी हसलं नाही. तो पुढे म्हणाला, “गमछा मेरा था, मना नहीं करता. पर जाली तो मिल की थी. बस इतना लिख दो.”

मी निवेदन तीन वेळा लिहिलं. अकरापैकी सहाच नोंदी आठवल्या. तारीख एकही नाही. वेळ एकही नाही. गमछ्याच्या पाच नोंदी होत्या हे पक्कं आठवत होतं, कारण त्यावर मी विनोद केला होता. एखाद्या बातमीदाराने असा मजकूर आणला असता तर मी तो परत केला असता: तारीख नाही, कागद नाही, सांगणारा स्वतःच गुंतलेला. शेवटी कामगाराचं वाक्य जसंच्या तसं घातलं. तेवढंच त्यात नेमकं होतं.

तपासणीस सभ्य माणूस होता. त्याने निवेदन दोनदा वाचलं.

“तारीखें?”

“नहीं हैं.”

“मूल कागज़?”

“रद्दी में गया.”

“काटा किसने था?”

“मैंने.”

“क्यों?”

“उसमें कुछ हुआ नहीं था.”

त्याने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग लिहून घेतलं. निवेदन जोडतो म्हणाला, पण वजन किती पडेल ते सांगता येत नाही. तिने स्वतःचं निवेदन वेगळं दिलं होतं. त्यात माझा उल्लेख नव्हता. धोका माहीत असून रजिस्टरमध्ये निरंक लिहिलं, ही चूक माझी, असं तिने लिहिलं होतं. मी तिला म्हणालो, हे असं एकटीच्या अंगावर घेऊ नका.

“रजिस्टर मीच लिहिलं नं, सर. हात माझाच होता.”

ते निवेदन दिल्यावर आठवड्याच्या आत मिलने तिला मोकळं केलं. तिने सुरक्षेचं काम पुन्हा शोधलं नाही. आता एका शाळेच्या कार्यालयात आहे. मी फोन केला तर घेते, नीट बोलते, स्वतःहून करत नाही. आणि कॉलेजने पुढच्या सत्राचं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं. माझे ते पाच प्रश्न कोणी ना कोणी अजून शिकवत असेल, आणि पंपाच्या वर्कशॉपमधल्या त्या माणसाला मी दिलेलं उत्तर बावीस वह्यांत आहे.

निष्कर्षाचा कागद पावसाळ्यानंतर आला. मी तो कामगाराला वाचून दाखवायला गेलो. पट्ट्यावर जाळी नव्हती, ही मिलची त्रुटी. मनाई असताना सैल कपडा घातला, ही कामगाराची लापरवाही. पूर्वीच्या घटनांबाबत लेखी नोंद उपलब्ध नाही. मिलने यातलं मधलं वाक्य धरलं आणि त्याला परत घेतलं नाही.

त्याने सगळं शांतपणे ऐकलं. जाळीचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग डाव्या हाताने चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

“भतीजे को रख लिया है उन्होंने,” तो म्हणाला. “मेरी ही मशीन पे.”

“जाली लगी है अब?”

“लगी है, बोलता है. भूसे के टाइम खोलते हैं.” “मैंने समझा के भेजा है. कुछ भी अटके, कुछ भी खिंचे, चोट लगे न लगे, उसी दिन मैडम को जा के बताना. वो लिख लेती हैं.”

मैडम आता तिथे नाहीत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

“तो अब किसको बताए?”

मी विचारून कळवतो म्हणालो. दोन दिवसांनी मिलच्या कार्यालयात फोन लावला. सुरक्षा प्रभारीची जागा अजून भरलेली नाही, असं सांगण्यात आलं.